ड्रॉइंग हॉलमधल्या परक्या बायका

आमच्या शाळेच्या ड्रॉइंग हॉलमध्ये नऊ चित्रं लावलेली होती आणि नऊच्या नऊंची नावं काळ्या कागदाच्या पट्टीखाली गाडलेली होती. चित्राचं नाव, चित्रकाराचं नाव, छापखान्याचं नाव, जे काही अक्षरात होतं ते सगळं ड्रॉइंगच्या मास्तरांनी खळ लावून झाकून टाकलं होतं. मी इंग्रजी शिकवायला रुजू झालो त्या पहिल्याच आठवड्यात त्यांना याचं कारण विचारलं.

"नाव वाचलं की माणूस बघायचा थांबतो," ते म्हणाले.

मी तेव्हा नुकताच एम. ए. झालो होतो, आणि नुकताच एम. ए. झालेला माणूस जसा असतो तसाच होतो. मी त्यांना सांगितलं, की पट्ट्या लावून माझ्यापासून काही लपायचं नाही. हा चित्रकार व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीतला. ग्रीक पुराणं आणि मध्ययुगातल्या दंतकथा हा त्याचा विषय. पाण्याकाठच्या, मोकळ्या केसांच्या, कुणाची तरी वाट पाहणाऱ्या नाहीतर कुणाचा तरी घात करणाऱ्या बायका ही त्याची खासियत. समोरच्या मोठ्या चित्रातली बाई चेटकीण आहे आणि ती काचेच्या वाडग्यातून झऱ्यात विष ओतते आहे, हेही मी सांगून टाकलं. मास्तरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग ते माझ्या आणि चित्राच्या मध्ये येऊन उभे राहिले, अगदी चित्र दिसणार नाही असे, आणि म्हणाले, "बरं. तिच्या कुठल्या पायावर भार हाय?"

मला सांगता आलं नाही. तेव्हापासून त्यांनी माझं नाव टाकलं आणि मला 'इंग्रजी' म्हणायला लागले. "काय इंग्रजी, जेवलासा काय?" असं ते भर शिक्षकांच्या खोलीत विचारायचे. एखाद्या रोगाच्या नावाने रोग्याला हाक मारावी तसा त्यांचा सूर असे.

ही चित्रं म्हणजे छापील प्रती होत्या, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या. कोल्हापूर संस्थान विलीन झाल्यावर कुण्या साहेबाच्या बंगल्यातलं सामान लिलावात निघालं, त्यात ती मास्तरांना मिळाली. "मी स्टूल घ्यायला गेलतो," ते सांगायचे, "स्टूल दुसऱ्यानं नेलं." नऊ चित्रांत मिळून अकरा बायका, एक घोडेस्वार आणि एक राजपुत्र होता, तोही बुडत असलेला. रंग थोडे उतरले होते, दोन चित्रांच्या कोपऱ्यांना वाळवीने चव घेऊन पाहिली होती, पण बायका शाबूत होत्या.

मास्तर मूळचे मुरगूडचे. उंच, काटकुळे, बारा महिने एकच तपकिरी कोट. त्या कोटाच्या खिशांत पेन्सिलींचे इतके तुकडे असायचे की ते चालताना खुळखुळत. रस्त्याने जाताना काही नजरेत भरलं की ते जागच्या जागी थांबत. रस्त्याच्या कडेला जाऊन थांबावं हे त्यांना कधी सुचलं नाही. एकदा महाद्वार रोडवर एका ओल्या म्हशीच्या पाठीवर आभाळ कसं निळं उमटलंय हे बघत ते उभे राहिले, आणि मागे सायकलींची, हातगाड्यांची आणि एका टांग्याची रांग लागली. टांगेवाल्याने त्यांच्या घराण्याचा उद्धार केला. मास्तरांनी त्यालाच हात करून बोलावलं आणि म्हणाले, "पावणं, हितनं बघा. तितनं दिसायचं न्हाय." टांगेवाला उतरला आणि त्यानेही पाहिलं, हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

संध्याकाळी ते दूधकट्ट्यावर जात. तिथे म्हैस समोर पिळून फेसाळ दुधाचा पेला हातात देतात. लोक तो तोंडाला लावतात. मास्तर तो उजेडाकडे धरून फिरवत बसत. मला एकदा बरोबर नेलं आणि सांगितलं, की या पांढऱ्यात किती रंग आहेत ते सांगितल्याशिवाय प्यायचं नाही. मी चार रंग शोधले तोवर फेस बसला होता आणि गवळी आम्हा दोघांकडे एकाच नजरेने बघायला लागला होता. "मास्तर, प्यायला दिलंय की," तो म्हणाला, "रंगवायला न्हाय."

'सुंदर' हा शब्द त्यांना चालत नसे. आमचे हेडसर एकदा रंकाळ्यावर त्यांच्याबरोबर फिरायला गेले आणि मावळता सूर्य पाहून सहज म्हणाले, "वा, किती सुंदर." मास्तर म्हणाले, "ते तुमचं मत झालं. दिसलं काय?" हेडसर पुन्हा कधी त्यांच्याबरोबर रंकाळ्याला गेले नाहीत.

त्यांची शिकवण्याची पद्धत अशी होती, की ज्या वर्गाला दिवाळीपर्यंत चित्र काढू दिलं जात नाही तो ड्रॉइंगचा वर्ग. एक महिना, एक चित्र. पोरं बाकांवर बसायची आणि नुसतं बघायची. प्रत्येकाने तासाला एक तरी नवी गोष्ट सांगायची. नवी म्हणजे आधी कुणीही न सांगितलेली. आधी म्हणजे या तासाला नव्हे, या वर्षीही नव्हे, चित्रं लागल्यापासून. त्यासाठी एक जाडजूड वही होती. तिच्यात चित्रवार नोंदी होत्या. काय दिसलं, कुणाला, इयत्ता कुठली. "डाव्या हाताच्या करंगळीला नख तुटलेलं आहे." "मागच्या झाडावर वारा आहे, पुढच्या झाडावर नाही." "घोडा पाण्याला भितो, माणूस नाही." वाक्यं पोरांची, अक्षर मास्तरांचं. पोराने चित्राची गोष्ट सांगायला सुरुवात केली की मास्तर त्याला तिथेच अडवत. "माहीत हाय ते सांगू नगंस. दिसतंय ते सांग." एवढं एकच सूत्र त्यांच्यापाशी होतं, आणि ते त्यांनी माझ्यावरही दर आठवड्याला चालवलं.

एकदा क्रिकेटच्या चेंडूने एका चित्राची काच फुटली. हातात दिवा घेऊन होडीत उभी असलेली बाई होती ती. शिपायाबरोबर चित्र फ्रेमवाल्याकडे धाडलं. फ्रेमवाल्याची हयात देवादिकांचे फोटो मढवण्यात गेलेली. मोकळे केस, हातात दिवा, पायाखाली पाणी, एवढ्या पुराव्यावर त्याने निर्णय घेतला. चित्र परत आलं तेव्हा बाईच्या कपाळावर चमकती टिकली होती आणि झग्याच्या काठाला जर चिकटवलेली होती. हे काम त्याने आपणहून, सेवा म्हणून केलं होतं. शिक्षकांच्या खोलीत हसून हसून पुरेवाट झाली. आता मास्तर फ्रेमवाल्याला फाडून खाणार, असा सगळ्यांचा अंदाज होता. मास्तरांनी चित्र नेऊन भिंतीवर लावलं आणि सातवीच्या वर्गाला विचारलं, "नवं काय?" पोरांनी एका आवाजात टिकली सांगितली. मास्तरांनी विचारलं, टिकली काचेवर की कागदावर, आणि सावली कुठं पडलीय. तो तास मी बाहेरून ऐकला. टिकलीच्या सावलीवर चाळीस मिनिटं चाललेला तो महाराष्ट्रातला एकमेव तास असावा. टिकली निघाली नाही, काढायला गेलं तर कपाळ फाटलं असतं. पुढे शिपाई दर शुक्रवारी त्या बाईला एक फूल वाहायला लागला. मास्तरांनी तेही चालू दिलं.

चित्रं लागल्यापासून असं अकरा वर्षं चाललं. मग संस्थेला नवे अध्यक्ष मिळाले.

हे अध्यक्ष गुळाचे मोठे व्यापारी होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. अण्णा शाळेत आले की फाटकाशी स्काउटची पोरं ढोल वाजवायची, आणि त्यांच्यासाठी हेडसरांची खुर्ची ते जातील तिथे उचलून न्यावी लागे, कारण दुसऱ्या खुर्चीत त्यांना बसवणं हेडसरांना प्रशस्त वाटत नसे. एरवी मनुष्य वाईट नव्हता. पण पद मिळालं की आपला चेहरा लोकांना कमी पडतोय असं काहींना वाटायला लागतं. अण्णांनी ठरवलं की देणगीदारांची तैलचित्रं करवून ड्रॉइंग हॉलमध्ये लावायची. सिनेमाचे बोर्ड रंगवणाऱ्या एका पेंटरला काम दिलं. त्याने पहिली चार चित्रं आणली तेव्हा चारही देणगीदार एकाच नटाचे भाऊ दिसत होते आणि चौघांनी एकच कोट घातला होता. पाचवं चित्र स्वतः अण्णांचं व्हायचं होतं, पुरुषभर उंचीचं. त्याची जागाही ठरली होती. वाडगा घेतलेल्या बाईची.

हेडसरांनी मास्तरांना बोलावून सांगितलं, की परक्या बायका उतरवायच्या आहेत. चित्रं तुमचीच आहेत, घरी घेऊन जा. बिचाऱ्यांनी ते मऊ आवाजात सांगितलं. मास्तर बाहेर आले आणि माझ्या शेजारी बसले. निवृत्तीला दोन वर्षं उरलेला, मंगळवार पेठेत एका खोलीत एकटा राहणारा माणूस. त्या खोलीच्या भिंतींना सहा महिने ओल असते हे मला ठाऊक होतं. मी म्हणालो, ओल नसलेली माझी एक भिंत आहे.

"भिंतीचं न्हाय ओ," ते म्हणाले. "घरात लावली तर मी एकटाच बघणार. नऊ चित्रं आन् दोन डोळं. म्हंजे मेलीच की ती."

मी कामाला लागलो. त्या चित्रकाराची थोरवी, त्याने घेतलेल्या पुराणकथा, युरोपातलं त्याचं स्थान, असा सहा पानी अर्ज तयार केला. माझ्या मते तो अर्ज वाचून दगडालाही पाझर फुटला असता. मास्तरांनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, घडी घातली आणि परत दिला. "चांगलं लिवलंय," ते म्हणाले. "ह्यात बघितलेलं काय हाय?"

समितीची बैठक एका शनिवारी दुपारी ड्रॉइंग हॉलमध्येच भरली. अण्णा, समितीवरचे एक डॉक्टर, एक वकील, हेडसर, इतिवृत्त लिहायला मी, आणि बाजूला उभे मास्तर. हेडसरांची खुर्ची आधीच आणून ठेवलेली होती. अण्णा तीत बसले आणि भाषणातल्या मराठीत म्हणाले, की परकीय सत्तेच्या या खुणा ज्ञानमंदिरात शोभत नाहीत, विद्यार्थ्यांच्या कोमल मनांसमोर आदर्श असावेत, तरी या विषयावर फार वेळ दवडू नये. माना डोलल्या. मास्तरांना काही बोलायचं आहे का, असं हेडसरांनी विचारलं. नसावं, अशी त्यांची इच्छा चेहऱ्यावर लिहिलेली होती.

मास्तरांनी ती जाड वही टेबलावर ठेवली. "अण्णा, पैज लावायची काय?"

कोल्हापुरात पैज म्हटल्यावर नाही म्हणणं अवघड असतं, आणि चारचौघांत तर अशक्यच. अण्णांनी विचारलं, कसली पैज. मास्तरांनी मोठ्या चित्राकडे बोट केलं. अकरा वर्षं पोरं हे चित्र बघतात, ते म्हणाले, त्यांना जे दिसलं ते सगळं या वहीत आहे. समितीने वहीत नसलेली एक गोष्ट दाखवावी. एकच. दाखवली तर नऊच्या नऊ चित्रं मी आत्ता या हातांनी उतरवतो. नाही दाखवली तर भिंत पोरांची.

समोर चार प्रतिष्ठित माणसं, आणि वाचवायला शाळकरी पोरांचे डोळे.

वकिलांनी सुरुवात केली. बाईचे पाय ओले आहेत. "नोंद हाय," मास्तर वही न उघडता म्हणाले, "पाचवी अ, कुंभाराचं पोरगं." डॉक्टर उठून जवळ गेले. तिच्या अंगात रक्त कमी आहे, नखं बघा. "नोंद हाय. आठवी ब. कंपाउंडरचा पोरगा." डॉक्टर खजील झाले, पण परत येऊन बसले नाहीत. वाडग्याची काच हिरवी नाही, आतलं पाणी हिरवं आहे. नोंद. मागच्या खडकात चेहऱ्यासारखा आकार आहे. नोंद, आणि तो चेहरा नाही असं सांगणाऱ्याचीही नोंद. वकिलांनी कोट काढून खुर्चीवर टाकला. हेडसरांनी, आजन्म 'सुंदर' म्हणत आलेल्या हेडसरांनी, तिच्या डाव्या बाहीचा काठ भिजून गडद झालाय हे शोधलं आणि पोरासारखे उजळले. नोंद होती. चहा आला, त्यावर साय धरली, कुणी हात लावला नाही. मलाही राहवलं नाही. मी म्हणालो, ती विष ओतते आहे.

"ते तुम्हास्नी माहीत हाय, इंग्रजी," मास्तर म्हणाले. "दिसलं न्हाय."

पाऊण तास गेला. अण्णा खुर्चीतून उठलेले मी पाहिलेच नाहीत. नजर गेली तेव्हा ते चित्रासमोर हातभर अंतरावर उभे होते, टोपी काखेत, मान तिरकी. ते बाईकडे बघत नव्हते. वाडग्याच्या काठावरून खाली येणारी ती हिरवी धार बघत होते. मग बोलायला लागले, आणि भाषणातली मराठी कुठल्या कुठे गेली.

"ह्ये पाणी न्हाय."

अण्णांनी धारेकडे बोट केलं.

"पाणी असं पडत न्हाय. पाणी तुटतंय. ह्ये बघा, वर जाड, खाली बारीक, आन् तुटत न्हाय. आन् खाली पडतंय तितं शिंतोडा बघा. हाय एक तरी? काकवीगत घट्ट हाय ह्ये." ते आणखी पुढे वाकले. "आमचा बा गुळव्या हुता. गुऱ्हाळावर काहिलीतला पाक झाला का न्हाय ते त्यो बघायचा. थोडा पाक पाण्यात सोडायचा. सोडताना हाताकडं बघायचा न्हाय, पाकाकडं बघायचा न्हाय. पाण्यात पडल्यावर त्यो काय करतोय तेवढंच बघायचा. आता हिचं डोळं बघा. वाडग्याकडं न्हाईत. पडतंय तितं हाईत. ही ओतत न्हाय, मास्तर. ही तपासतीय."

आम्ही सगळ्यांनी पाहिलं. ती तपासत होती. अकरा वर्षांत पाचवीपासून अकरावीपर्यंतच्या पोरांनी आणि युरोपातल्या माझ्या विद्वानांनी तिला ओतताना पाहिलं होतं. आता ती परत ओतताना दिसणं शक्य नव्हतं.

मास्तरांनी वही उघडली. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बोट फिरवत गेले. त्यांना वहीची गरज नव्हती, हे मला कळत होतं. मग वही मिटून म्हणाले, "न्हाय. ह्यात न्हाय ह्ये."

आणि हसले. मी त्यांना अकरा वर्षांच्या त्या वहीतल्या एकाही नोंदीवर इतकं हसलेलं पाहिलं नव्हतं. हरलेल्या माणसाचं हसू कसं असतं हे मला ठाऊक आहे, आणि ते हे नव्हतं. मग त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, त्यावर चढले आणि मोठ्या चित्राच्या खिळ्याला हात घातला.

"काय करतायसा?" अण्णांनी विचारलं.

"उतरवतोय. पैज म्हंजे पैज."

"पैज कोण जिंकलंय?"

"तुम्ही."

"मग जिंकल्यालं मागायचं मी. खाली उतरा." अण्णांचा आवाज पेठेत सौदा ठरवतानाचा झाला होता. "आन् ह्ये उतरिवलं तर मी बघू कुठं? हात काढा तितनं. एक सुदिक हलवायचं न्हाय." मग जरा थांबून, एकदम हळू, "माझं नाव त्या वहीत येतंय का न्हाय?"

मास्तर उतरले. कोटाच्या खिशातून शाईचं पेन काढलं, वही उघडली आणि नेहमीच्या शिस्तीने विचारलं, "इयत्ता?"

संस्थेच्या अध्यक्षांना त्यांची इयत्ता विचारण्याचा प्रसंग हेडसरांच्या कारकिर्दीत आला नव्हता आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

"चौथी," अण्णा म्हणाले. "पुढं बा गेला. काहिलीवर उभं ऱ्हायलो."

मास्तरांनी लिहिलं. त्यांनी सगळ्या पोरांची वाक्यं पुस्तकी मराठीत करून घेतली होती, पण हे जसंच्या तसं लिहिलं. ती ओतत न्हाय, तपासतीय. अण्णा, इयत्ता चौथी. शाई वाळेपर्यंत अण्णा वहीवर वाकून राहिले. अक्षरावरून बोट न टेकवता फिरवून त्यांनी ते दोनदा वाचलं. मी इतिवृत्तात काय लिहावं या विचारात होतो. शेवटी एवढंच लिहिलं, की भिंतीसंबंधी चर्चा झाली व समितीने चित्रे पाहिली. त्या संस्थेच्या इतिवृत्तातलं ते बहुधा एकमेव वाक्य असेल ज्यात एकही शब्द फुगवलेला नाही.

डॉक्टर आणि वकील घड्याळं बघत निघाले. हेडसर खुर्ची उचलायला शिपायाला खूण करायला लागले. अण्णा मात्र हॉलभर नजर फिरवत होते, बुडणाऱ्या राजपुत्रावरून घोडेस्वारावर, घोडेस्वारावरून होडीतल्या बाईवर.

"ह्या बाकीच्या आठांत," त्यांनी विचारलं, "सापडण्यासारखं काय शिल्लक हाय का, का समदं पोरांनी नेलं?"

मास्तरांनी पुढचा बाक हाताने झटकला.

"बसा," ते म्हणाले.